बसता बसेना

इंजिन उतरवायला अक्कल लागत नाही, चढवायला लागते, असं आमच्या मिस्त्री मामांचं मत आहे. उतरवताना अडलेला नट गॅसवर लाल करून सोडवता येतो. नाहीच सुटला तर छिन्नी आहे आणि अगदीच वाईट वेळ आली तर ग्राइंडर आहे. जुनं तुटलं तर कोणी रडत नाही. चढवताना मात्र सगळं घासूनपुसून रंगवलेलं असतं, प्रत्येक वस्तूला पैसे मोजलेले असतात, आणि मिस्त्रीचा हात हातोडीकडे गेला की मालकाच्या पोटात गोळा येतो. मालक म्हणजे मी.

गाडी 1978 ची प्रीमियर पद्मिनी. सासऱ्यांनी घेतलेली, त्यांच्यानंतर मेहुण्याच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिलेली, आणि ‘तुम्हाला हौस आहे तर घेऊन जा’ या वाक्यासकट आमच्या दारात आलेली. निळा धूर सोडायची. पाव लिटर ऑइल गाडीत कायम ठेवावं लागायचं, पेट्रोल पंपावरची पोरं नाकाला रुमाल लावायची. पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या, सिलेंडर लंबगोल झाले होते. शिवाजी उद्यमनगरात जाऊन ब्लॉक बोअर करून, म्हणजे सिलेंडर आतून कोरून गोल करून, आणणं हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग निघाला. ओतकाम आणि ऑइल इंजिनं यांवर पोसलेल्या कोल्हापुरात 68 मिलिमीटरचे चार सिलेंडर म्हणजे कारागिराला डाव्या हाताचा मळ. त्याने आत गेज फिरवला, ‘आधी एकदा झालंय बोअर’ म्हणाला आणि पुढच्या मापाच्या पिस्टनचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. क्रँक ग्राइंड झाला, हेडचं फेसिंग झालं, व्हॉल्व्ह बसले. पैसे दिले, काम झालं. तक्रारीला जागाच नाही. तक्रारी सुरू झाल्या त्या इंजिन गाडीत परत ठेवताना.

ही गाडी मुळातली इटलीची. फियाट 1100 चं नवं रूप तिकडे 1953 मध्ये आलं, कुर्ल्याला त्याची जुळणी होऊ लागली, आणि गोल पाठीच्या त्या गाडीला आपल्या लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हणून टाकलं. नंतर सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, 1964 पासून डिलाइट, मग प्रेसिडेंट, 1974 पासून पद्मिनी. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती 2000 च्या सुमारापर्यंत बनवली. या सगळ्या काळात ग्रिल बदलली, दिवे बदलले, पाठ चपटी झाली. बॉनेटखालचं 1089 सीसीचं इंजिन मात्र मूळचं तेच राहिलं. यावरून एखाद्या भल्या माणसाला वाटेल की मग सगळ्या वर्षांचे पार्ट एकमेकांना चालत असतील. वाटू द्यावं.

इंजिन बाहेर असताना भेटेल तो सल्ला देत होता : ‘हे कशाला भरत बसताय? निस्सानचं टाका.’ प्रीमियरच्याच 118 एनई गाडीत 1985 पासून निस्सानचं 1171 सीसीचं इंजिन होतं. ते पद्मिनीत बसवून घेतलेले लोक आहेत आणि त्यांच्या गाड्या घाटात माझ्यापेक्षा लवकर वर जातात, हे मान्य. पण इंजिन नंबर आरसीवर असतो आणि तो ब्लॉकवर ठोकलेला असतो. इंजिन बदललं की आरटीओचे कागद आले. शिवाय 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ नंबर देऊ केला आहे, वीस हजार रुपये फी घेऊन, आणि त्याला अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केलेला नको. आमची गाडी 2028 मध्ये पन्नाशीला येईल. त्या नंबरची मला फार ओढ आहे असं नाही, त्या पाटीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. पण सासऱ्यांच्या आरसीवरचा नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर एकच आहे हे बायकोने एकदा बोट फिरवून पाहिलं होतं, त्यामुळे निस्सानचा विषय आमच्या घरात तिथेच मिटला.

गिअरबॉक्स आम्ही गाडीतच ठेवला होता. या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, तिथून खाली उतरणाऱ्या कांड्या आणि त्यांचे सांधे. एकदा सोडले की जुळवताना पहिला टाकावा तर तिसरा पडतो. तेव्हा तो उद्योग नको, नुसतं इंजिन वरून आत सोडायचं आणि मागे सरकवून गिअरबॉक्सला भिडवायचं, असं ठरलं. बोलायला हे एक वाक्य आहे.

फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट असते. तिच्या मधल्या भोकाला दाते असतात. गिअरबॉक्समधून पुढे आलेला शाफ्ट त्या दात्यांतून जायला हवा आणि त्याचं टोक क्रँकच्या बुडातल्या छोट्या बुशात शिरायला हवं. प्लेट मध्यावर धरायला मामांकडे एका मेलेल्या गिअरबॉक्सचा कापून ठेवलेला शाफ्ट आहे. तो घालून प्लेट मधोमध आवळली आणि शाफ्ट काढून घेतला. आता सुईत दोरा ओवायचा, फक्त इथे दोरा जागचा हलत नाही आणि सुई शंभर किलोच्या पुढची, चेन पुलीला टांगलेली. एकजण साखळी ओढतोय, एकजण फॅनच्या बाजूने ढकलतोय, मामा गाडीखाली उताणे पडून बॅटरीच्या उजेडात फटीकडे बघतायत. ‘खाली. अजून. बास. मागं घे. मागं म्हणजे माज्याकडं!’

इंजिन सरसर मागे गेलं आणि अर्धा इंच राहून थांबलं.

या अर्ध्या इंचाबद्दल जुन्या गाड्यांवर काम केलेला कोणीही माणूस तासभर बोलू शकेल. बाकी सगळं जुळलेलं दिसतं. डाव्या बाजूला फट थोडी कमी, उजवीकडे थोडी जास्त. पुढे जॅक लावून नाक वर केलं की मागची वरची फट मिटते आणि खालची उघडते. बोल्टच्या भोकांतून बोल्ट आरपार दिसतात, इतके की हात शिवशिवतो : दोन बोल्ट घालावेत आणि पान्याने ओढून घ्यावं इंजिन मागे. गॅरेजातल्या पोराने तेच केलं. दोन आटे फिरवले असतील-नसतील, मामा खालून ओरडले. बोल्टने ओढलं की दाते बसत नाहीत, क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो किंवा बेल हाउसिंगचा, म्हणजे क्लचवरच्या घंटेसारख्या कवचाचा, कान जातो. त्या कानाला वेल्डिंग करून घेतलेल्या कितीतरी गाड्या मामांनी पाहिल्या आहेत. प्रत्येक ठिकाणी अर्धा इंचच उरला होता, असं ते सांगतात.

मग बोल्ट काढले. गाडी टॉप गिअरला टाकली. मामांनी पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून क्रँक एक केसभर इकडे, एक केसभर तिकडे फिरवायला लावला आणि स्वतः खालून इंजिन हलवत राहिले. जोर कुणीच लावत नव्हतं. बराच वेळ काहीच झालं नाही. चहा आला, थंड झाला. आणि मग कुणी काही वेगळं केलेलं नसताना ते धूड आपणहून मागे सरकलं आणि फट मिटली. मी टाळी वाजवली. मामा म्हणाले, ‘सायेब, अजून फाउंडेशन ऱ्हायलंय.’

फाउंडेशन म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबराचे ठोकळे, पुढे दोन्ही बाजूंना आणि मागे गिअरबॉक्सखाली. जुनी रबरं ऑइल पिऊन लोण्यासारखी झाली होती, म्हणून नवी आणली. नवी रबरं कडक, आणि पुढची जोडी जुन्यापेक्षा उंचीला किंचित जास्त. कंपनीची नव्हेत, कंपनी आता कुठली. कुठल्या तरी शेडमध्ये कुणी तरी जुन्या नमुन्यावरून ओतलेली. इंजिन बसलं, भोकं ओढूनताणून जुळली, पण पुढचं नाक मूळ जागेपेक्षा जरासं वर राहिलं. तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मिलिमीटरचा तर प्रश्न. तो मिलिमीटर पुढे किती महाग पडणार होता ते सायलेन्सरने दाखवलं.

आपल्याकडे मॅनिफोल्डपासून, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या बिडाच्या नळ्यांपासून, मागच्या नळीच्या तोंडापर्यंत सगळ्यालाच सायलेन्सर म्हणतात आणि त्या सगळ्यालाच सारखं तुच्छ लेखतात. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात जाऊन बघा. रॉकर कव्हर आरशासारखं चकचकीत, बॅटरीच्या टर्मिनलला रंगीत टोप्या, एअर फिल्टरवर स्टिकर. गाडीखाली वाकून बघणारा एकही नाही. इंजिनाला पन्नास हजार घालणारा माणूस सायलेन्सरच्या क्लॅम्पला दीडशे रुपये सांगितले की घासाघीस करतो. मीही केली.

सुरुवात तुटलेल्या स्टडने झाली. मॅनिफोल्डच्या खालच्या तोंडाला पुढची नळी फ्लँजने, म्हणजे तिच्या टोकाच्या चपट्या कडीने, बांधलेली असते. ती धरणारा एक स्टड, म्हणजे बिनडोक्याचा आट्याचा दांडा, उतरवतानाच मुळापासून मोडला होता. बीडाच्या मॅनिफोल्डात चाळीस-पंचेचाळीस वर्षं तापून-थंड होऊन बसलेला पोलादी स्टड. त्यात भोक पाडून उलट्या आट्याचा दांडा घालायचा ही पुस्तकातली रीत. तो दांडा आत मोडला तर मग ड्रिलही लागत नाही, कारण तो ड्रिलइतकाच कडक. मामांनी पुस्तकाला हात लावला नाही. तुटक्या बुडख्यावर एक नट ठेवला आणि नटाच्या भोकातून वेल्डिंगचा टाका भरून दोन्ही एकजीव केले. मग गॅसने भोवतालचं बीड तापवलं, नट नव्हे, आणि ते मंद लाल झाल्यावर देवापुढची एक साधी मेणबत्ती घेऊन तिचं टोक सांध्याला टेकवलं. मेण क्षणात पाण्यासारखं पातळ होऊन आट्यांच्या फटीत ओढलं गेलं, थोडा धूर निघाला, गॅरेजात देवघराचा वास सुटला. आता पाना. पाव फेरा मागे, लगेच पाव फेरा पुढे, पुन्हा मागे. सुटायच्या दिशेने एकसारखं ओढलं तर स्टड पुन्हा मोडतो; पुढे-मागे केलं तर गंजाची भुकटी होते आणि मेण ती बाहेर आणतं. करकर आवाज करत बुडखा वर आला. त्याच्या आट्यांत काळी पेस्ट भरली होती. मामांनी तो बोटांत फिरवून बघितला आणि म्हणाले, ‘बगा, लोखंडी नट लावला हुता कुनीतरी. पितळी लावला असता तर हाताला आला असता.’

पितळी नट तापला तरी पोलादाला धरून बसत नाही, म्हणून कंपनी या ठिकाणी तोच द्यायची. कधी तरी कुणी तरी रस्त्यावर, बहुधा रात्री, डब्यात सापडला तो लोखंडी नट लावून गाडी चालती केली असणार. त्या माणसावर रागावता येत नाही. गाडी घरी पोचली असेल त्या दिवशी. पण जुन्या गाडीचं असंच असतं. आधीच्या प्रत्येक हाताने जिथे वेळ मारून नेली, तिथे तिथे ती वेळ तुमच्यासाठी राखून ठेवलेली असते.

स्टड झाला. सायलेन्सर तयार मागवला होता, ‘पद्मिनीला डायरेक्ट बसतो’ असं फोनवर छातीठोकपणे सांगणाऱ्या एका दुकानातून. पुढच्या नळीच्या फ्लँजचा कोन आणि मॅनिफोल्डच्या तोंडाचा कोन जुळेना. थोडं त्या नळीचं वाकण चुकलं होतं, थोडं आमचं नाक वर होतं. पुढे चार मिलिमीटर तिरकं असलं की नळीच्या दुसऱ्या टोकाला, आठ-दहा फुटांवर, ते दोन-तीन इंच होतं. फ्लँज आवळला की मागची नळी बंपरच्या बाहेर भलतीकडे बघायची. मागची नळी जागेवर बांधली की पुढे फ्लँजला बोट जाईल एवढी फट.

इथे दोन प्रकारचे मिस्त्री असतात. एक म्हणतो, आवळून टाका, बसेल. आवळल्यावर बसतं खरं, पण सगळी नळी ताणाखाली राहते. इंजिन रबरावर डुलतं, नळी त्याला डुलू देत नाही, आणि महिन्या-दोन महिन्यांत मॅनिफोल्डला चीर जाते किंवा नवा स्टड मोडतो. दुसरा प्रकार मामांचा. त्यांनी सगळे सांधे सैल केले, अगदी खुळखुळतील एवढे, आणि सायलेन्सर नुसता रबरी पट्ट्यांवर लोंबकळत ठेवला. मग फाउंडेशनच्या पुढच्या रबरांखालच्या पट्ट्या काढून, कानशीने भोकं लांबट करून इंजिन मूळ उंचीला आणलं. म्हणजे अर्ध्या इंचाच्या त्या लढाईनंतर पुन्हा जॅक, पुन्हा चेन पुली. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. पुढच्या नळीला गॅसवर तापवून वाकवलं, लावून बघितलं, काढलं, आणखी थोडं वाकवलं. पॅकिंग घालून फ्लँज अर्धवट आवळला. मग पुढून मागे, एकेक सांधा.

आणि तरीही चुकलं, कारण गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, उचललेली होती. पद्मिनीला मागे पाट्यांच्या स्प्रिंगांवर बसवलेला अख्खा अॅक्सल आहे आणि मागची नळी त्याच्यावरून कमान करून जाते. गाडी उचललेली असते तेव्हा अॅक्सल खाली लोंबतो, कमानीखाली हातभर जागा दिसते, आपण खूश. गाडी खाली टेकवली की अॅक्सल वर येतो. टेकवली. दोन बोटं जागा उरली. मामांनी शेजारच्या टायरवाल्याकडची पोरं बोलावली आणि चौघांना मागच्या सीटवर बसवून उड्या मारायला सांगितलं. पोरांना तेवढंच हवं होतं. तिसऱ्या उडीला खालून ठण्ण आवाज आला. पोरं खाली, गाडी वर, सांधे सैल, नळी एक बोट वर. पुन्हा पोरं. हे किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, पण शेवटी शेवटी ती पोरं वडापावच्या बोलीवर आली होती. त्यातल्या एकाने मधेच विचारलं, ‘काका, आवाज मोठा ठेवायचा का, बुलेटगत?’

सुटे भाग शोधण्यात गेलेला वेळ या सगळ्याहून जास्त. रबरी पट्टे, पितळी नट, सोलेक्स कार्ब्युरेटरचं पॅकिंग. पूर्वी याला उत्तर मुंबई होतं. कुर्ल्याला, ऑपेरा हाउसकडे गेलं की पद्मिनीचं काय हवं ते मिळायचं, आणि ते मिळायचं काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे. हजारो टॅक्स्या रोज झिजत होत्या म्हणून कुणी तरी रोज पट्टे ओतत होतं, पॅकिंग कापत होतं. आम्हा हौशी लोकांची हौस टॅक्सीवाल्याच्या पोटावर चालली होती, हे तेव्हा लक्षातही आलं नाही. मुंबईत टॅक्सीला वयाची वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवच्या आरटीओत नोंदवलेली. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस तिची वीस वर्षं भरली. लोकांनी फोटो काढले, हळहळ व्यक्त केली. त्यानंतर दुकानदारांनी मागच्या फळ्या रिकाम्या केल्या. आता जे मिळतं ते एक तर कुणाच्या तरी माळ्यावरचा जुना साठा, किंवा ‘डायरेक्ट बसतो’ जातीचं. साठ्यातलं रबर डब्यातच वाळून तडकलेलं असतं. आणि त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. पेट्रोलच्या जुन्या होजेस त्याने फुगतात नाही तर चिरतात, म्हणून त्या आम्ही हातासरशी सगळ्या बदलून टाकल्या.

सुरू करायचा दिवस आला. प्लग काढून नुसता सेल्फ मारला, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावले, डिस्ट्रिब्युटरच्या वायरी 1-3-4-2 या क्रमाने बसवल्या. चोक ओढला, सेल्फ मारला. कार्ब्युरेटरच्या तोंडातून बार निघाला आणि गॅरेजातलं मांजर पसार झालं. डिस्ट्रिब्युटर अर्ध्या फेऱ्याने उलटा बसला होता : चौथ्या सिलेंडरची ठिणगी पहिल्याला. हा दोष दहा मिनिटांत निघाला. इतक्या दिवसांच्या छळानंतर एखादी गोष्ट दहा मिनिटांत सुटली याचंच सर्वांना नवल वाटलं. दुसऱ्या खेपेला इंजिन लागलं. ऑइलचा, नव्या रंगाचा, तापलेल्या पॅकिंगचा धूर सगळीकडून येत होता आणि मामा मॅनिफोल्डच्या सांध्याभोवती हात फिरवून वारा लागतोय का बघत होते. गरम झाल्यावर बंद करून नट पुन्हा आवळायचे, थंड झाल्यावर पुन्हा बघायचे. त्या फ्लँजच्या वरच्या नटाला कुठलाच पाना नीट जात नाही. मामांनी त्यासाठी एक रिंग पाना ग्राइंडरवर पातळ करून ठेवला आहे आणि तो ते कुणाला देत नाहीत.

पीयूसीला गाडी नेली तर नापास. जुन्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांपर्यंत चालतो, आमचा वर गेला. मी चक्रावलो, कारण ताडपत्रीखाली जाण्यापूर्वी हीच गाडी निळे ढग सोडत असतानाही दर वेळी पास व्हायची. सासऱ्यांच्या फायलीत सगळी सर्टिफिकेटं आहेत आणि त्यावरचे आकडे अगदी सोज्वळ आहेत. मामांना विचारलं. ते हसले. जुन्या सायलेन्सरला जागोजागी भोकं होती. त्यातून बाहेरची हवा आत ओढली जायची, धुरात मिसळायची, आणि मशीनच्या नळीला पातळ धूर मिळायचा. आता सांधे घट्ट झाल्यामुळे इंजिन खरोखर काय सोडतंय ते मशीनला पहिल्यांदा कळलं होतं. मिक्श्चरचा स्क्रू थोडा आत घेतला, आयडलिंग जुळवलं, आणि पास झाली.

परत येताना मामा शेजारी बसले होते. रंकाळ्याच्या बाजूने गाडी पंचेचाळीसवर गेली की खालून बारीक थरथर येते, पन्नासला जाते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान थोडी तिरकी करून ऐकलं, काच खाली घेतली, पुन्हा वर केली.

‘मागचा पट्टा नवा हाय, कडक हाय. मऊ पडला की जाईल आवाज. पाचशे किलोमीटर झालं की हेड आवळायला आना, साठच्या वर न्हेऊ नका तवर.’

‘आणि नाही गेला तर?’

‘तर बगू. पन तुमी सवता मॅनिफोल्डाला हात लावू नका.’